मोटारीचा कॉम्प्रेसर : बदलण्यापूर्वीं नाडी पाहा

गेल्या वैशाखांत आमच्या मातुःश्रींस मुलुंडहून अंधेरीस डॉक्टरांकडे नेत असतां, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पवईजवळ मोटारींतील थंड हवा एकाएकीं बंद पडली. पुढें गाड्यांची रांग, मागें रांग. कांचा खालीं कराव्या तर धूर व धूळ. वर ठेवाव्या तर आंत भट्टी! ऐंशी वर्षांच्या त्या माउलीचा जीव कासावीस झालेला पाहून आम्ही घाबरून गेलों. विशेष हें कीं, त्याच गाडीचा कॉम्प्रेसर तीन महिन्यांपूर्वींच नवा बसविलेला होता! असें कां व्हावें याचा आम्हीं मग शोध केला. त्यांत जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हा कॉम्प्रेसर करतो काय, तें पाहूं. हातावर लावलेलें स्पिरिट उडून जातांना गार लागतें, त्याच तत्त्वावर ही सारी रचना आहे. आपल्याकडील बहुतेक मोटारींत आर-१३४ए नांवाचा वायु असतो. साध्या हवेच्या दाबाखालीं तो शून्याखालीं २६ अंश सेल्सिअसला उकळतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर हा वायु दाबतो. दाबून तापलेला वायु गाडीच्या तोंडाशीं असलेल्या कंडेन्सरच्या जाळींत उष्णता टाकून द्रव होतो. तेथून तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रांतून कूलिंग कॉइलमध्यें शिरतो, आणि पुनः वायु होतांना गाडींतील उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसरला लागणारें तेलही याच वायूबरोबर सगळ्या नळ्यांतून फिरून परत येतें. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. सगळें मर्म तींतच आहे.

अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें १९३९ सालीं मोटारींत ही सोय प्रथम देऊं केली, तेव्हां कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. थंडावा नको असल्यास पट्टाच काढून ठेवावा लागे! आपल्या कुर्ल्यास तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनीं ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईचा निरोप घेतला. त्यांतून हिंडणाऱ्या बहुतेकांनीं उघड्या खिडकीच्या वाऱ्यावरच दिवस काढले. आतां काळ पालटला आहे. बोरिवलीहून २५ डिसेंबर २०१७ रोजीं वातानुकूलित लोकलही धांवूं लागली. गरज बदलली, परंतु यंत्राविषयींची आमची समजूत मात्र जुनीच राहिली.

मोटारींतील वायु पेट्रोलप्रमाणें खर्च होत नाहीं. तो कमी झाला याचा अर्थ कोठें तरी गळती आहे. दर उन्हाळ्यांत तो नुसता भरून घेणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. वायु कमी पडला कीं तेलही कॉम्प्रेसरकडे नीट परतत नाहीं. कोरडे पडलेले धातूचे भाग घासतात आणि शेवटीं यंत्र अडकतें. दुसरें कारण आपल्या रस्त्यांचें. गाडी धांवत असतां कंडेन्सरला वारा आपोआप मिळतो. परंतु लालबहादूर शास्त्री मार्गावर ती मुंगीच्या पावलांनीं सरकूं लागली म्हणजे सारा भार पंख्यावर येतो. जाळींत धूळ बसलेली आणि पंखा मंद, मग आंतील दाब चढत जातो व त्याचा मार कॉम्प्रेसर खातो. मूळ दोष तसाच ठेवून कॉम्प्रेसर तेवढा बदलणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं!

आमच्या गाडीचें असेंच झालें होतें. दुसऱ्या मिस्त्रीनें नळी सोडवून आंतील तेल पांढऱ्या फडक्यावर टिपलें, तों त्यांत चकाकणारी काळसर भुकटी दिसली. पहिल्या कॉम्प्रेसरचें तें चूर्ण नळ्यांत तसेंच राहून नव्याच्या पोटांत गेलें होतें. पहिल्या कारागिराला बोल लावणें सोपें होतें. परंतु ‘कमींत कमी किती घ्याल?’ याखेरीज आम्हीं तरी त्याला काय विचारलें होतें?

म्हणून गाडी देण्यापूर्वीं पुढील गोष्टी अवश्य विचाराव्या. खरोखर कॉम्प्रेसरच गेला आहे काय? कधीं कधीं क्लचची कॉइल, बेअरिंग किंवा साधा फ्यूज एवढाच दोष असतो. गळती कोठें आहे? नायट्रोजन भरून व साबणाचा फेस लावून ती शोधतां येते. आंत भुकटी असल्यास नळ्या धुऊन ड्रायर व व्हॉल्व्ह नवे घालावे. आजच्या कंडेन्सरच्या वाहिन्या इतक्या बारीक असतात कीं तोही बहुधा बदलावाच लागतो. तेल गाडीच्या कंपनीनें सांगितलेल्या जातीचें व मापाचें असावें. पीएजी जातीचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. आपल्या दमट मुंबईंत उघड्या राहिलेल्या डब्यांतील तेल घेऊं नये. शेवटीं नळ्यांतील हवा पंपानें निदान अर्धा तास ओढून घ्यावी. दाब नेहमींच्या चोविसाव्या हिश्श्याखालीं उतरला म्हणजे पाण्याची ३० अंशांवरच वाफ होते व ओल निघून जाते. नंतर वायु भरावा तो अंदाजानें नव्हे, तोलून.

जुना वायु मात्र हवेंत सोडूं देऊं नये. पूर्वींचा आर-१२ ओझोनचा थर विरळ करी, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो क्रमाक्रमानें बंद झाला. हल्लींचा वायु ओझोनला अपाय करीत नाहीं. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता पृथ्वीवर कोंडून ठेवतो. तो यंत्रानें परत गोळा करतां येतो. आपली गाडी गार करण्यासाठीं नातवंडांचें जग तापविणें हा व्यवहार कोणत्याही गृहस्थास शोभणारा नाहीं.

असो. नीट केलेल्या कामाचा खर्च अधिक आला खरा, पण तो एकदांच आला. त्याच रस्त्यानें पुनः अंधेरीस जातांना मातुःश्री मागच्या बैठकीवरून म्हणाल्या, “अरे, जरा कमी कर तो वारा, पाय गारठले माझे.” त्या दिवसापासून बिलाचा विषय आमच्या घरांत निघाला नाहीं.