जुन्या मोटारीचें मोल

समजा, बदलापूर ओलांडून कर्जतकडे जातांना लागणाऱ्या वांगणी गांवीं, एखाद्या जुन्या वाडींत, ताडपत्रीखालीं दोन दारांची एक बसकी मोटार तीस वर्षें उभी आहे. टायर बसले आहेत. गादींत उंदरांनीं संसार थाटला आहे. भंगारवाला तिला वजनावर तोलील. संग्राहक मात्र रंगाकडे पाहणारहि नाहीं. तो गुडघे टेकून विजेरीच्या उजेडांत चासीवर ठोकलेला क्रमांक वाचील आणि हलकेंच विचारील, "कागद आहेत का?" या दोघांच्या हिशेबांत जें अंतर आहे, तेंच जुन्या मोटारींच्या बाजाराचें मर्म होय.

दोन दारांच्या, कायम छपराच्या, उतरत्या पाठीच्या मोटारीस कूपे म्हणतात. इंजिन शर्यतीच्या जातीचें असलें म्हणजे ती स्पोर्ट्स कूपे. अशी गाडी केवळ जुनी झाली म्हणून महाग होत नाहीं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत बनलेल्या पद्मिनीवर मुंबईकरांचा जीव जडलेला होता. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची टॅक्सी रस्त्यावरून कायमची उतरली, तेव्हां अनेकांस हळहळ वाटली. पण ती गाडी निघाली मोठ्या संख्येनें, आणि हळहळीला लिलावांत बोली लागत नाहीं. उलट मर्सिडीझ-बेंझनें १९५५ सालीं इंजिनिअर रुडोल्फ ऊलेनहाउट यांच्या देखरेखीखालीं ३०० एसएलआर जातीच्या अवघ्या दोन कूपे बांधल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीनें शर्यतींतून अंग काढून घेतलें, आणि त्या मैदानांत कधीं उतरल्याच नाहींत. त्यांपैकीं एक ५ मे २०२२ रोजीं श्टुटगार्ट येथें १३ कोटी ५० लाख युरोंस विकली गेली. दुसरी कंपनीनें आपल्याजवळच ठेवली.

परंतु दुर्मिळपणा असून भागत नाहीं. तो ओळखला जावा लागतो. फेरारीची २५० जीटीओ ही कूपे १९६२ ते १९६४ या काळांत ३६ च बनली. शर्यतीच्या नियमाप्रमाणें त्या वर्गांत १०० गाड्या हव्या होत्या. ही आपल्या जुन्याच गाडीची सुधारलेली आवृत्ति आहे, असें सांगून फेरारीनें वेळ मारून नेली. तीन लिटरचें बारा सिलिंडरांचें इंजिन, हातानें ठोकून आकारलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, विजयांची रांग, एवढें असूनहि शर्यतीचे दिवस सरल्यावर ती नुसती वापरलेली गाडी ठरली. एक तर टेक्सासमधील व्हिक्टोरिया गांवच्या हायस्कुलास दान मिळाली, आणि शाळेंत कांहीं वर्षें काढून १९७२ सालीं साडेसहा हजार डॉलरला विकली गेली. तिच्याच एका बहिणीस २०२३ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्कच्या लिलावांत ५ कोटी १७ लाख डॉलर आले. शाळेच्या चालकांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. पुढचें कोणास दिसत होतें?

भाव असा चढल्यावर नकला निघणारच. फेरारीचीच चार जणांची २५० जीटीई मोटार घ्यावयाची, तिचा सांगाडा आंखूड करावयाचा आणि वर जीटीओच्या घाटाचा पत्रा चढवावयाचा, हा उद्योग अनेक कारागिरांनीं केला. डोळ्यांस फरक कळत नाहीं, इंजिनहि फेरारीचेंच; तरी तिची किंमत खऱ्या गाडीच्या पासंगासहि पुरत नाहीं. याच्या उलट, खऱ्या जीटीओचा पत्रा अपघातानंतर बदललेला असला, तरी चासीचा मूळ क्रमांक आणि मालकीची परंपरा अखंड असली म्हणजे ती खरीच राहते. दत्तक घेतलेला मुलगा घराण्याचें नांव चालवितो, कारण त्याच्यापाशीं दत्तकपत्र असतें. नाटकांतला राजा कितीहि हुबेहूब असला, तरी त्यास वतन मिळत नाहीं. म्हणून जाणतें गिऱ्हाईक प्रथम कारखान्याच्या नोंदवहींतील चासी, इंजिन व गिअरबॉक्स यांचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं ताडून पाहतें.

मालकाचें नांवहि भाव चढवितें. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनीं अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या चासीवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन जणांची बॉडी बांधवून घेतली होती. पुढें ती गाडी अमेरिकेंत गेली. संस्थानें विलीन झाल्यावर अशा पुष्कळ मोटारी परदेशीं गेल्या. १९५० पूर्वींच्या मोटारी देशाबाहेर पाठविण्यावर सरकारनें निर्बंध घातले ते नंतर.

वांगणीच्या त्या गाडीचा खरा शत्रु म्हणजे उल्हास खोऱ्यांतील पावसाळा. २७ जुलै २०१९ रोजीं नदीच्या पुरानें महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकून पडली होती. अशा पाण्यांत बुडालेल्या इंजिनांत गाळ जातो. त्याहून वाईट म्हणजे कपाटाच्या खालच्या खणांतील कागदांचा लगदा होतो. गंजलेला पत्रा पुन्हां ठोकतां येतो. आर. सी. बुक ठोकून तयार करतां येत नाहीं, आणि केलें तर तो गुन्हा होतो.

जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील मोटारींसाठीं निराळे नोंदणी-नियम केले. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क असून ती १० वर्षें चालते. क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात. आधींच नोंदलेल्या गाडीस आपला जुना क्रमांक राखतां येतो. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणें एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणावयाची. रोजच्या वापरास नाहीं. मूळ रूप राखलेलें असावें, ही अट मात्र महत्त्वाची. ताडपत्री काढल्याबरोबर हौसेनें गाडीस चकचकीत रंग मारणाऱ्या मालकाच्या हें ध्यानांत येत नाहीं. आणि संग्राहक विजेरी घेऊन वांकतो, तेव्हां चासीवरचा क्रमांकहि त्या रंगाखालीं बुजलेला असतो.