बंद दिसणारे दार

प्रवासी ज्या दारातून विमानात चढतात, ते बहुतेक विमानांत बाटलीच्या बुचासारखे काम करते. आतल्या हवेचा दाब वाढला की ते चौकटीत अधिकच घट्ट बसते. सामानाचे दार मात्र पुष्कळदा बाहेर उघडणारे असते, कारण आत उघडणारे दार सामानाची जागा खाते. उंचावर या दाराच्या दर चौरस मीटरवर आतून पाच टनांहून अधिक भार येतो. तो पेलायचा असतो फक्त कड्यांनी आणि खिट्ट्यांनी.

मॅक्डॉनेल डग्लस कंपनीच्या डीसी-१० विमानात याच खिट्ट्या दगा देत होत्या. खिट्ट्या पुरत्या बसल्या नसतानाही जोर लावून बाहेरची मूठ खाली ओढता येई आणि दार बंद दिसे.

१२ जून १९७२ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे डीसी-१० कॅनडातील विंडसर शहरावर असताना मागचे दार उडाले. खालच्या कक्षातील हवा क्षणात निघून गेली, वरच्या केबिनमधील दाब तसाच राहिला आणि मधली जमीन खचली. वैमानिकाच्या हातातून शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा याच जमिनीखालून जात होत्या. काही तारा शाबूत राहिल्या. कॅप्टन ब्राइस मॅककॉर्मिक यांनी इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान उतरवले आणि सर्व ६७ जण वाचले.

दार बनवणाऱ्या कॉन्व्हेअर कंपनीतील अभियंता डॅन ॲपलगेट यांनी त्याच महिन्यात वरिष्ठांना लेखी बजावले, की ही दारे पुन्हा उघडतील आणि विमान गमवावे लागेल. तरीही अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने सक्तीचा आदेश काढला नाही; तोंडी समझोत्यावर निभावून नेले.

३ मार्च १९७४ रोजी पॅरिसहून निघालेले टर्किश एअरलाइन्सचे डीसी-१० एर्मेनोन्विलच्या जंगलात कोसळले. ३४६ जण ठार झाले. कारण तेच होते: दार, जमीन, तारा. सुचवलेली दुरुस्ती झाल्याची नोंद कागदावर होती. प्रत्यक्षात दारात आधाराची पट्टी बसवलेलीच नव्हती.

त्यानंतर दारांची रचना सक्तीने बदलली. दार उडाले तरी जमीन खचू नये, यासाठी मोठ्या विमानांत हवेला वाट देण्याची तरतूद झाली. विंडसरच्या घटनेनंतर हे करायला वेळ होता, एकवीस महिन्यांचा.