ब्रेकचे तेल

पालघरहून मनोरला जाताना वाटेत वाघोबा घाट लागतो. घाट फार मोठा नाही. पण वळणे आहेत, उतार आहे आणि पावसाळ्यात रस्ता निसरडा होतो. समजा, माणसांनी भरलेली एक जीप घाट उतरत आहे. चालक पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत आहे. एका वळणावर त्याचा पाय थेट खालपर्यंत जातो, पण गाडी थांबत नाही. चालक शहाणा असेल तर तो घाबरत नाही. पेडल भराभर दाबतो, खालचा गिअर टाकतो, हँडब्रेक हळूहळू ओढतो आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेतो. माणसे वाचतात. अर्ध्या तासाने तो पुन्हा पेडल दाबून पाहतो, तर ब्रेक पहिल्यासारखा लागतो! मग मघाशी झाले तरी काय?

मोटारीचा ब्रेक तेलावर चालतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो आणि तेलावर दाब पडतो. उर्दूत ज्याला तुम्ही दबाव म्हणता, तोच हा दाब. बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा नियम फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल (१६२३-१६६२) या शास्त्रज्ञाने सांगितला. म्हणून चाकाजवळच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ तिप्पट असेल, तर तेथे जोरही तिप्पट मिळतो. (एस. टी. बस थांबताना 'फुस्स' असा आवाज येतो ना? तिचा ब्रेक तेलावर नव्हे, हवेवर चालतो. ती गोष्ट वेगळी.)

द्रव दाबला तरी आकसत नाही. वायू मात्र आकसतो. नळीत हवेचा बुडबुडा शिरला, तर पायाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच संपतो. आता घाटातल्या जीपचे कोडे सुटते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. 'डॉट ३' या प्रकारचे ताजे तेल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळत नाही. पण त्यात शेकडा पावणेचार भाग पाणी मिसळले, तर ते १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. उतारावर ब्रेक सारखा दाबल्याने चाके तापतात, तेल उकळते आणि वाफेचे बुडबुडे होतात. गाडी निवाली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ब्रेक लागू लागतो. हा दोष फसवा आहे, कारण गॅरेजमध्ये गाडी नेईपर्यंत तो दिसेनासा होतो. म्हणूनच बहुतेक गाड्यांचे तेल साधारण दोन वर्षांनी बदलण्यास सांगतात.

तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले. जवळच औद्योगिक वसाहतही वसली. कारखाने आले, तशा गाड्या वाढल्या आणि गॅरेजही वाढली. येथली हवा समुद्रकाठची, दमट आणि खारी. तिने तेलात पाणी तर शिरतेच, शिवाय लोखंडी नळ्याही गंजतात.

चांगला मिस्त्री आधी पाना उचलत नाही. तो पेडल दाबून पाहतो. पेडल स्पंजासारखे लागले, तर नळीत हवा आहे. भराभर दाबल्यावरच वर येत असेल, तर हवा तरी आहे किंवा लायनर तरी झिजले आहेत. पाय स्थिर ठेवला असता पेडल हळूहळू खाली जात राहिले, तर तेल कोठून तरी निसटते आहे. बाहेर गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधले रबरी वॉशर खराब झाले असे समजावे. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एखाद्या चाकाचा दट्ट्या अडकलेला असतो. कधी जुनी रबरी नळी आतून फुगते. मग तेल चाकाकडे जाते, पण परत येत नाही आणि ते चाक तापत राहते.

"उस्ताद, टाकीतले तेल कमी झाले. भरून टाकू?" शिकाऊ मुलगा विचारतो.

"नुसते भरू नकोस. ते गेले कोठे, ते आधी शोध," उस्ताद सांगतो.

लायनर झिजले की तेलाची पातळी थोडी उतरते, ते ठीक. पण पातळी लवकर उतरली, तर चाकांची आतली बाजू पाहावी. तेथे ओल सापडते.

क्लचचेही असेच. मारुती ८०० सारख्या गाड्यांचा क्लच तारेवर चालतो. पण पुष्कळ गाड्यांत तेथेही तेल असते. रिव्हर्स गिअर टाकताना 'कर्र' असा आवाज येतो. क्लच दोन-तीनदा दाबल्यावर गिअर सहज पडला, तर दोष तेलाच्या भागात आहे. उलट इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, तर क्लचप्लेट झिजली. हा फरक कळला नाही, तर गिऱ्हाईकाचा गिअरबॉक्स उगाच उतरवला जातो.

हवा काढायला दोन माणसे लागतात. मुलगा आत बसून पेडल दाबून धरतो. उस्ताद चाकाजवळचे निपल किंचित सैल करतो. पारदर्शक नळीतून काळपट तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात. निपल आवळले की तो ओरडतो, "सोड!" मगच मुलगा पाय उचलतो, आधी उचलला, तर हवा पुन्हा आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच चालते. मधूनमधून टाकीत ताजे तेल घालावे लागते. बाटलीत जमलेले काळे तेल मात्र उस्ताद पुन्हा टाकीत ओतत नाही.