फिरता जनरेटर वापरतांना घ्यावयाची खबरदारी

बदलापूर, अंबरनाथ, विठ्ठलवाडी या पट्ट्यांतील ज्या शेतकऱ्यांनीं २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिला, त्यांस वीज नसणें म्हणजे काय हें सांगावयास नको. त्या वेळीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, व इकडे उल्हास आणि वालधुनी या नद्या पात्र सोडून वस्तींत शिरल्या. पुढें २७ जुलै २०१९ रोजीं महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत अडकून पडली. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं तर पूर नव्हता कीं वादळ नव्हतें. वीजवाहिन्यांतील बिघाडामुळें मुंबई व ठाण्याकडील वीज एकदम गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या. अशा प्रसंगांसाठीं पुष्कळ शेतकरी पेट्रोलवर चालणारा लहान जनरेटर घरीं ठेवितात. यंत्र उपयोगी खरें. परंतु त्याची रीत समजून न घेतल्यास तेंच घरावर उलटतें.

प्रस्तुत लेखकाच्या घरींच एकदां अनर्थ व्हावयाचा टळला. पावसाची झड लागलेली. यंत्र भिजूं नये म्हणून तें पडवींत ठेविलें व वाऱ्यासाठीं एक खिडकी उघडी टाकली. थोड्या वेळानें मंडळींचीं डोकीं दुखूं लागलीं, धाकट्या मुलास मळमळ झाली. जागरणाचा शीण असेल असें समजून आम्ही निजावयास निघालों होतों. इतक्यांत शेजारचे काका आले आणि दार उघडतांच ओरडले, "अहो, आधीं तें यंत्र बंद करा आणि पोरांना बाहेर काढा!" त्या रात्रीं आम्ही तसेच निजलों असतों, तर काय झालें असतें याची कल्पनाहि करवत नाहीं.

याचें कारण असें कीं, इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जें तांबडें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट जोरानें चिकटतो. मग श्वास चालू असूनहि शरीर आंतून गुदमरतें. डोकेदुखी, घेरी, मळमळ व हातापायांतील शक्ति जाणें हीं त्याचीं लक्षणें होत. निजलेल्या माणसास तीं कळतच नाहींत.

म्हणून जनरेटर घर, पडवी, गोठा किंवा कोठार यांत कधींहि चालवूं नये. खिडकी उघडी ठेवल्यानें भागत नाहीं. तो घरापासून निदान २० फूट दूर, उघड्यावर, कोरड्या उंचवट्यावर ठेवावा. सायलेन्सरचें तोंड दारें-खिडक्यांकडे नसावें. पाऊस असल्यास चारहि बाजूंनीं मोकळें असें छप्पर वर धरावें. हाच नियम इंजिनपंपास. पाणी खोल गेलें म्हणून इंजिन विहिरींत उतरवूं नये. तेथें वारा नसल्यानें धूर कोंडतो. आंत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागें उडी घालणें म्हणजे दुसरा जीव घालविणें होय.

दुसरी मोठी चूक म्हणजे दोन्ही टोकांस पिना लावलेल्या वायरीनें जनरेटरची वीज भिंतींतील सॉकेटमधून घरांत सोडणें. ही वीज मीटरांतून उलट डीपीपर्यंत जाते, व तेथील ट्रान्सफॉर्मरमध्यें वाढून ११,००० व्होल्टच्या तारेवर चढूं शकते. वीज गेली आहे अशा समजुतीनें खांबावर चढलेला वायरमन तिनें दगावेल. तो बिचारा आपल्याच अंधाराच्या निवारणासाठीं भर पावसांत आलेला असतो, हें विसरूं नये. परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. तोंवर उपकरण थेट जनरेटरलाच जोडावें. अर्थिंग अवश्य करावें व ओल्या हातानें यंत्रास शिवूं नये.

यंत्राची ताकद ओळखून भार घालावा. ५ हॉर्सपॉवरचा पंप चालतांना निदान पावणेचार किलोवॅट वीज घेतो, व सुरू होतांना त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. शिवाय तो बहुधा थ्री-फेजचा असतो. दोन-तीन किलोवॅटचा घरगुती जनरेटर त्यास पुरा पडत नाहीं. दिवे, पंखा व फ्रिज एवढेंच त्याचें काम.

पेट्रोल ओततांना यंत्र बंद करून थंड होऊं द्यावें. तापल्या सायलेन्सरवर चार थेंब पडले तरी भडका उडतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असून जमिनीलगत पसरते, व दूरच्या चुलीपर्यंत वा देवाजवळच्या समईपर्यंत पोंचून पेट घेते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यान्वयें खासगी वापरासाठीं विनापरवाना ३० लिटरपेक्षां अधिक पेट्रोल बाळगतां येत नाहीं; पण तितकेंहि सांठवूं नये. लागेल तेवढेंच, घट्ट झांकणाच्या धातूच्या डब्यांत, राहत्या घराबाहेर ठेवावें.

एवढें करूनहि कोणास घेरी आली, तर प्रथम सर्वांस मोकळ्या हवेंत न्यावें, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांस धुराविषयीं स्पष्ट सांगावें. कारण प्राणवायु वेळेवर देणें हाच यावरील मुख्य उपाय आहे. शेतकरी बंधूंनीं हा मजकूर घरांतील बायकामुलांसहि वाचून दाखवावा. यंत्र विकत आणणारा एक असतो, परंतु त्याच्या धुरांत निजणारे सर्वच असतात.