मंगळावरचा वारा

वैशाखात अकोल्याकडच्या उघड्या वावरांतून वावटळ उठते ती भर दुपारी. पहाटे सहसा नाही. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि गरगरत धूळ उचलते. मंगळावरही हेच घडते. तेथे हवेचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे ती झटकन तापते व झटकन निवते.

इतक्या विरळ वाऱ्याची यानाला भीती कसली, असे कोणीही विचारील. हवाई छत्रीला लटकलेले यान वाऱ्याबरोबर आडवे वाहत जाते, ही पहिली अडचण. दुसरी अधिक वाईट. वरच्या व खालच्या थरांतील वाऱ्यांचा वेग निराळा असला की छत्रीखालचा दोर तिरपा होतो. मग वेग आवरण्यासाठी पेटवलेले अग्निबाण यानाला सरळ वर न रेटता बाजूला रेटतात. हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेले यान अशा वेळी खडकांवर घासले, तर पिशव्या फाटायच्या.

२००४ साली उतरलेल्या ‘स्पिरिट’ व ‘ऑपॉर्च्युनिटी’ या अमेरिकी यानांसाठी जागा ठरवताना हाच पेच पडला. निवडायच्या जागांवर वारा कोणी मोजलेला नव्हता. तेव्हा पृथ्वीवरील हवामानासाठी रचलेली गणिते मंगळाला लावली गेली. जमिनीचा चढउतार ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ यानाने लेसरने मोजला होता. तो, जमिनीचा तापण्या-निवण्याचा स्वभाव आणि हवेतली धूळ एवढ्या भांडवलावर संगणकाने वारा काढून दिला.

चिखलदऱ्यासारख्या डोंगराळ भागात दिवसा उतार तापून वारा दरीतून वर चढतो, रात्री गार होऊन खाली घसरतो. मंगळावरची मेलास दरी तर कित्येक किलोमीटर खोल. थरांच्या खडकांमुळे ती अभ्यासकांच्या फार मनात भरली होती. पण गणिताने तेथे जोराचे वारे दाखवले आणि ती यादीतून गेली. उलट एलिसियम भागातली एक जागा केवळ वारा मंद म्हणून यादीत आली! पडताळा पाहता न येणाऱ्या आकड्यांवर एवढा भार टाकणे काहींना पटणार नाही. मला ते योग्य वाटते. फुटलेले यान कोणता खडक तपासणार?

शेवटी ‘स्पिरिट’ला मिळाले गुसेव्ह विवर. आपल्या लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, गुसेव्हचा सुमारे १६०. तेथील दुपारच्या वाऱ्याची धास्ती होतीच, म्हणून यानावर खाली पाहणारा कॅमेरा बसवला होता. उतरता उतरता त्याने तीन छायाचित्रे घेतली, त्यांवरून यानाने आडवा वेग काढला आणि बाजूचे छोटे अग्निबाण पेटवून तो कमी केला. तीन आठवड्यांनी मेरिडियानीच्या सपाटीवर उतरलेल्या ‘ऑपॉर्च्युनिटी’ला त्यांची गरजच पडली नाही.