बेदाण्याची पावती विकायची कुणाला?

मिरज-पंढरपूर रस्त्याने कवठे महांकाळ ओलांडून नागजकडे निघालं की बेदाण्याची शेड दिसू लागतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेली द्राक्षं तिथे रॅकवर पसरतात. कोरड्या हवेत पंधरवड्याच्या आतबाहेर माल वाळतो. साधारण चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो. मग प्रतवारी, पेट्या आणि कोल्ड स्टोअरेज. सांगलीच्या या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ब्लॉकचेनवर चालणारं काही विकायला निघालेल्यांनी आधी ही साखळी नीट पाहावी, कारण त्यांचं गिऱ्हाईक शेडमध्ये नाही. बागायतदाराला काळजी सौद्यातल्या दराची आणि पट्टीचे पैसे कधी हातात पडतील याची. नमुना पाहताना माल उधळला जातो, ही त्याची जुनी तक्रार. यातलं काहीच ब्लॉकचेनने सुटत नाही. तिचं काम निघतं ते दर पडल्यावर माल धरून ठेवायचा असतो तेव्हा. तारण कर्ज देणाऱ्याला धास्ती एकच असते: याच पेट्यांवर दुसरीकडूनही पैसे उचललेत का? कुणा एकाला गुपचूप फिरवता न येणारी, सगळ्या बँकांना एकाच वेळी दिसणारी नोंद नेमकी या धास्तीवरचा उपाय आहे. राज्य वखार महामंडळाने गोदाम पावत्या ब्लॉकचेनवर आणल्या त्या तारण कर्जासाठीच. म्हणजे पटवायचं ते बँकेला आणि गोदामवाल्याला. शेतकऱ्याला कर्ज लवकर मिळालं की झालं, आत कोणतं यंत्र फिरतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

यावर कुणी म्हणेल, साध्या संगणकीय नोंदीने हे होत नाही का? पुष्कळदा होतं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाची ग्रेपनेट प्रणाली २००६ पासून ब्लॉकचेनशिवायच ठेवते आहे. पण तिथे सगळ्यांना मान्य असलेली एक संस्था मध्ये बसलेली आहे. जिथे अनेक बँका, खासगी कोल्ड स्टोअरेज आणि व्यापारी एकमेकांच्या वह्या मानत नाहीत, तिथेच ब्लॉकचेनचा खर्च परवडेल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पेटीत काळा माल भरून वर हिरवा बेदाणा लिहिला, तर ते खोटंही कायमचं नोंदलं जाईल. खरं आहे. म्हणून वजन आणि प्रतवारी तपासणारा माणूस हवाच, आणि विक्रेत्याने ही मर्यादा पहिल्याच बैठकीत सांगावी.

आपल्याकडे नेमकं उलटं घडलं. ब्लॉकचेनवरच चालणाऱ्या बिटकॉइनच्या नावाने गेनबिटकॉइन योजनेवाल्यांनी दरमहा दहा टक्के परताव्याची लालूच दाखवून साखळी पद्धतीने दिसेल त्याला गाठलं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी म्होरक्याला अटक केली, तोवर अनेकांची पुंजी बुडाली होती. १ एप्रिल २०२२ पासून जाहिरात मानक परिषदेने क्रिप्टोच्या जाहिरातीत जोखमीचा इशारा सक्तीचा केला, पण ओळखीतून होणाऱ्या प्रचाराला तो कोण चिकटवणार? तेव्हा बागायतदारांनो, ब्लॉकचेनचं नाव घेऊन कुणी थेट तुमच्या शेडवर आलाच, तर त्याला आधी तुमच्या बँकेच्या शाखेत पाठवा.