आपल्या वाटणीचा ग्लास: घरी करायचा आईस्क्रीम सोडा

(सामुदायिक रेडिओवरचं भाषण, थोडं आटोपशीर करून)

ऊन चांगलंच तापलंय. गटाची बैठक संपली, हप्ते लिहून झाले, की कुणीतरी म्हणतंच, "काहीतरी गार हवं बाई आता." म्हणून आज गार पेयाबद्दलच बोलू या. पण लेकराबाळांच्या नाही, आपल्या. आपण मोठ्या बायकांनी घरी करून, निवांत बसून प्यायचा आईस्क्रीम सोडा.

आधी माझी एक फजिती सांगते. मी सासवडजवळच्या खेड्यातली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा वडील मला पहिल्यांदा पुण्याला घेऊन आले. लष्कर भागातल्या एका हॉटेलात आम्ही बसलो. फळ्यावर लिहिलं होतं, 'आईस्क्रीम सोडा'. मी तोच मागितला. गारेगार बाटली आली, छान वास, जिभेला चुरचुर. मी बाटलीला डोळा लावून आत आईस्क्रीम शोधत बसले. ते नव्हतंच! "अण्णा, ते आईस्क्रीम घालायचं विसरले," असं मी मोठ्यानं म्हटलं आणि शेजारच्या टेबलावरची माणसं हसली. मला रडूच कोसळलं.

पुढे कळलं, की आपल्याकडे आईस्क्रीम सोडा हे एका चवीचं नाव आहे. सोड्यात व्हॅनिलाचा अर्क आणि साखर, बस्स. आईस्क्रीमसारखा वास येतो म्हणून ते नाव. खरं आईस्क्रीम सोड्यात सोडायची पद्धत अमेरिकेतली. १८७४ साली फिलाडेल्फिया शहरातल्या एका प्रदर्शनात रॉबर्ट ग्रीन नावाच्या सोडाविक्रेत्यानं ती सुरू केली, असं सांगतात. तिकडे त्याला फ्लोट म्हणतात, म्हणजे तरंगणारं. पुण्याची मस्तानी त्याची लांबची बहीण म्हणा. बाजीरावांच्या मस्तानीवरून तिला हे नाव पडलं असं सांगतात. तिच्यात दाट गोड दूध असतं, बहुतेक वेळा आंब्याचं, आणि वर आईस्क्रीमचा गोळा. सोडा मात्र नसतो.

सोड्याचं वेड आपल्यालाही जुनं आहे. पुण्यात लष्कर भागात शरबतवाला चौकात अर्देशीर यांचा सोड्याचा कारखाना आहे. १८८४ साली एका इराणी गृहस्थांनी तो सुरू केला. काचेच्या बाटलीतला त्यांचा लाल रास्पबेरी सोडा पुण्याच्या इराणी हॉटेलांतून पिढ्यान्‌पिढ्या प्यायला गेला. आणि आपल्या खेड्यापाड्यांत होता गोळी सोडा. ती बाटली इंग्लंडच्या हायरम कॉड यानं शोधली, १८७२ साली. तिच्या गळ्यात काचेची गोटी असते. बाटली उलटी धरून भरतात, मग आतला वायूच गोटीला वर रबराच्या कड्यावर दाबून धरतो. बुचाची गरजच नाही. गोटी आत ढकलली की फट्ट! आणि ओतताना गोटी तोंडाशी येऊ नये म्हणून गळ्याला दोन खळगे ठेवलेले असतात. लहानपणी मला ती जादूच वाटायची.

जेजुरीला सोमवतीच्या यात्रेत वडील एक गोळी सोडा घ्यायचे. आम्ही तीन भावंडं, मग आत्या, मग आजी. आई गोटी दाबून द्यायची, ग्लासात ओतून द्यायची. सगळ्यांचं झाल्यावर तळाला राहिलेला घोट ती प्यायची. तोवर त्यातला वायू उडून गेलेला असायचा, नुसतं गोडूस पाणी. "मला नाही बाई सोसत ते चुरचुरणारं," असं ती म्हणायची. चुरचुरणारं कधी तिच्या वाट्याला आलंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्याही घरात हे पाहिलं असेल. कदाचित तुम्हीच ती आई असाल.

तर आज आपल्या वाटणीचा एक पुरता ग्लास करू या. त्यासाठी आधी त्यातली मेख समजून घेऊ. सोडा म्हणजे पाण्यात दाबून विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड वायू. पाणी जितकं गार तितका वायू त्यात जास्त टिकतो. बर्फासारख्या थंड, शून्य अंशाच्या पाण्यात तो वीस अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट मावतो. म्हणून कोमट सोडा उघडला की फसकन उतू जातो आणि ग्लासात येईपर्यंत मेलेला असतो. सोडा चांगला गार हवा, ही पहिली गोष्ट. फ्रिज नसेल किंवा वीज गेली असेल, तर बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत बाटली तासभर बुडवून ठेवा. काचेची बाटली बर्फाच्या कप्प्यात विसरू नका, पाणी गोठून फुगतं आणि बाटली फुटते.

दुसरी गोष्ट, फेस. आईस्क्रीमचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यात बारीक हवा असते. सोड्यातला वायू तिथे बुडबुडे धरतो. दुधातली प्रथिनं त्या बुडबुड्यांभोवती पातळ पापुद्रा करतात, म्हणून फेस लगेच न विरता दाट साईसारखा वर राहतो. हीच फ्लोटची खरी मजा. पण सोडा वरून धबाधबा ओतला, तर फेस ग्लासाबाहेर आणि सोडा ओट्यावर!

आईस्क्रीम विकत घेणार असाल तर डब्यावरचं नाव वाचा. 'आईस्क्रीम' असेल तर ते दुधाच्या स्निग्धांशाचं. 'फ्रोझन डेझर्ट' असेल तर त्यात वनस्पती तेल असतं. दोन्ही विकायला परवानगी आहे, पण पैसे कशाचे देतो ते आपल्याला माहीत हवं. आईस्क्रीममध्ये हवा किती असते, तेही ऐका. नियमाप्रमाणे १ लिटर आईस्क्रीमचं वजन निदान ५२५ ग्रॅम असावं लागतं. म्हणजे जवळपास अर्धी जागा हवेची असू शकते. म्हणून तर ते तरंगतं! कुल्फी आटीव आणि घट्ट, ती तितकी तरंगत नाही आणि फेसही कमी देते.

घरी करायचं असेल तर १ लिटर म्हशीचं दूध पाऊण लिटर होईपर्यंत आटवा. दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर गार दुधात कालवून त्यात घाला, १०० ग्रॅम साखर घाला, दाट झालं की उतरवा. गार झाल्यावर वाटीभर साय फेटून मिसळा आणि पसरट डब्यात झाकण लावून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. अर्धवट गोठलं की बाहेर काढून रवीनं किंवा मिक्सरमधून घुसळा. असं दोनदा करा. घुसळल्यानं बर्फाचे खडे मोडतात आणि हवा शिरते. आमच्या पुरंदरचे पिकलेले अंजीर कुस्करून घातले तर काय विचारता!

फ्रिज नसेल तर जुना लाकडी पॉट काढा. भांड्याभोवती तीन वाट्या बर्फाला एक वाटी खडे मीठ, या हिशेबानं भरा आणि फिरवत राहा. मिठामुळे बर्फ शून्याच्याही खाली गार होतो, म्हणून दूध गोठतं. बाहेरच्या कामाला कुठलाही बर्फ चालेल, पण ग्लासात घालायचा बर्फ खाण्याचाच हवा. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. लादीच्या बर्फाची खात्री नसेल तर तो तोंडात घालूच नका.

आता सरबत. इथे एक अडचण येते. लिंबू, कोकम, कैरी ही सगळी आंबट. आंबटानं दूध नासतं हे मी तुम्हाला काय सांगणार! आईस्क्रीम घातलं की ग्लासात बारीक कण दिसतात. अपाय नाही, पण बघायला बरं वाटत नाही. म्हणून फ्लोटला आंबट नसलेलं सरबत घ्या. वाळा, गुलाब, आलं. आपल्याकडची उपळसरी, म्हणजे अनंतमूळ, तिच्या सरबतावरही आईस्क्रीम छान लागतं.

मला आल्याचं आवडतं. मोठ्या माणसाच्या जिभेला झणका हवा. ५० ग्रॅम आलं किसा, दीड वाटी पाण्यात झाकण ठेवून दहा मिनिटं चांगलं उकळा, गाळा. त्यात १०० ग्रॅम साखर विरघळवा, एक उकळी आणा, गार करा. साधारण २५० मिलिलिटर होईल. उकळायचा कंटाळा करू नका. कच्च्या आल्यात दूध नासवणारं एक द्रव्य असतं, उकळल्यावर ते निकामी होतं. कच्चं आलं दुधात पडलं की चहा का फाटतो, त्याचं उत्तर हेच. साखर बेताची असल्यानं हे सरबत फार दिवस टिकत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर, फ्रिज नसेल तर त्याच दिवशी संपवा.

वाळ्याचं हवं असेल तर मूठभर वाळा स्वच्छ धुवा, दोन वाट्या गरम पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा आणि मंद आचेवर त्यात तेवढीच साखर विरघळवा. फार उकळलं तर वास उडतो.

आता ग्लास भरू. उंच ग्लास घ्या, स्टीलचा चालेल. तळाला एक मोठा चमचा सरबत. त्यात चहाचा एक चमचा आईस्क्रीम घालून ढवळा, त्यानं फेस सगळीकडे सारखा येतो. मग ग्लास तिरका धरून कडेनं हळूहळू १५० मिलिलिटर साधा, बिनसाखरेचा सोडा ओता. वर चार बोटं जागा सोडा. शेवटी आईस्क्रीमचा एक गोळा चमच्यानं अलगद वर सोडा. फेस वर येईल, थांबेल. ढवळू नका. चमच्यानं खात, अधूनमधून घोट घेत प्यायचं. शहरातल्या हॉटेलांत मोठ्यांचा फ्लोट म्हणून त्यात दारू घालतात. आपल्याला आल्याचा झणका पुरे.

साखरेचा हिशेब सांगते, कारण आपल्या गटांत मधुमेहाच्या बाया कमी नाहीत. बाजारच्या कोला पेयात १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर, चहाचे सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानं दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम. म्हणजे एका बाटलीतच दिवसाचा कोटा संपला. वर आईस्क्रीम घातलं की चाळिशी गाठली. आपल्या ग्लासात सरबताची सहा ग्रॅम आणि ५० ग्रॅमच्या गोळ्याची दहा-एक ग्रॅम, मिळून सोळा. निम्म्याहूनही कमी. साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे मधुमेहाला चालतं, असं मात्र समजू नका. रक्तात गेल्यावर गूळही साखरच. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारा, गोळा अर्धा करा आणि त्या दिवशीच्या चहाची साखर सोडा. छातीत जळजळ होत असेल तर जेवल्याबरोबर सोडा नको.

काही जणी खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व पाण्यात घालून फसफस करतात. वायू तोच निघतो, पण पाण्याला खारट चव येते आणि रक्तदाब असेल तर ते मीठ बरं नाही. शिवाय लिंबूसत्त्वानं आईस्क्रीम फुटतं. करायचंच तर लिंबूसोड्यापुरतं करा, चिमूटभर घ्या. आणि ते मिश्रण कधीही बाटलीत भरून झाकण लावू नका. आत वायू साठून बाटली फुटते, डोळ्याला इजा होते. धुण्याचा सोडा वेगळा, तो चुकूनही स्वयंपाकघरात खाण्याच्या सोड्याशेजारी ठेवू नका.

यात्रेत गाडा लावायचा विचार एखाद्या गटाच्या मनात आला असेल, तर आधी अन्न सुरक्षेची नोंदणी करा, पाणी आणि बर्फ खात्रीचा घ्या आणि आईस्क्रीम एकदा वितळलं तर पुन्हा गोठवून विकू नका.

शेवटी एवढंच. पुढच्या बैठकीला १ लिटर सोडा, छोटा डबा आईस्क्रीम आणि आल्याचं सरबत घेऊन बसा. सहा जणींचे सहा ग्लास होतात. आधी पोरांना, मग घरच्यांना, असं त्या दिवशी नको. माझी आई आता ऐंशी पार आहे. गेल्या उन्हाळ्यात तिला असा ग्लास पहिल्यांदा करून दिला. पहिला घोट घेतला, नाकात झणझणलं, डोळे मिटले. मग म्हणाली, "अगं, हे तर सोसतंय की मला!"

करून बघा, आणि कसा झाला ते कळवा.